आमच्या डिपार्टमेंटची आकाशातली दुर्बीण

एका खोलीत चार माणसं, एक कुरकुरणारा पंखा आणि चहाची एकच किटली असली, की किस्से आपोआप साठतात. कोणी मुद्दाम साठवायला जात नाही. झाडून काढले तरी कोपऱ्यात थोडे उरतातच, आणि कोणी पाहुणा आला की नेमके तेच पायात येतात.

आमची खोली म्हणजे अर्जुनी मोरगावच्या कॉलेजचं फिजिक्स डिपार्टमेंट. मी पटले मॅडम. राहते गोंदियाला, कुडव्यात. सकाळी स्कूटीने स्टेशन, तिथून गाडीने अर्जुनी, संध्याकाळी तेच उलटं. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्रास नको. विभागप्रमुख बिसेन सर. फाइल, शिक्का आणि "वरून विचारलं तर?" या तीन गोष्टींवर जगणारा अत्यंत भला माणूस. लॅब अटेंडंट उईके भाऊ, म्हणजे खरं पाहता डिपार्टमेंट तेच चालवतात. आणि चौथे कापगते सर.

कापगते सर पीएच.डी. करत होते. सहा वर्षं झाली, वरून दोन मुदतवाढी झाल्या. मग युनिव्हर्सिटीचं पत्र आलं की ही शेवटची वाढ, यानंतर नोंदणी रद्द. सरांचं वय बावन्न. "पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची हिंमत नाही जी माझ्यात," असं ते स्वतःच म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. आम्हाला मात्र हसू यायचं नाही.

विषय होता, अंतराळातल्या गॅमा किरण दुर्बिणीच्या डेटातून डार्क मॅटरचा शोध. अर्जुनीत बसून! पण त्यात नवल नाही. दुर्बीण वर पृथ्वीभोवती फिरत असते, आणि तिने टिपलेलं सगळं इंटरनेटवर कोणालाही फुकट मिळतं. फक्त इंटरनेट पाहिजे. तिथेच तर सगळी गंमत आहे!

*

सर दुर्बिणीवर काम करतात ही बातमी तालुक्यात पसरली, आणि एका दुपारी कॉलेजच्या फाटकात टेम्पो येऊन उभा राहिला. आत पंधरा-वीस माणसं, बाया, डबे, पाण्याच्या बाटल्या. "दुर्बीन पाहाले आलो जी."

उईके भाऊंनी शांतपणे सगळ्यांना डिपार्टमेंटमध्ये आणून बसवलं. दोन-तीन जण तर जिन्याने गच्चीवर जाऊन पाण्याची काळी टाकी निरखूनही आले.

सरांनी समजावलं, अगदी मनापासून. गॅमा किरण म्हणजे उजेडाचाच प्रकार, पण भलता जोरकस. हवा त्याला वरच्या वर अडवते, म्हणून तर आपण जिवंत आहोत. त्यामुळे दुर्बीण हवेच्या वर पाठवावी लागते. आणि या उजेडाला काच वळवू शकत नाही, आरसा परतवू शकत नाही. म्हणून तिला भिंग नाही, आरसा नाही, डोळा लावायची जागाही नाही. किरण आत शिरला की धातूच्या पत्र्यावर आपटून त्याचे दोन कण होतात, आणि त्या कणांच्या वाटेवरून तो कुठून आला ते ओळखायचं.

सगळे मान डोलावत होते. शेवटी एक म्हातारी पुढे सरकली. "काच नाई, नळी नाई, डोरा लावाले जागा नाई. मंग तिले दुर्बीन कायले म्हनता जी?"

सरांनी तिचा प्रश्न वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी थीसिसच्या पहिल्याच पानावर 'टेलिस्कोप' या शब्दाखाली अर्ध्या पानाची तळटीप आली. त्यांच्या नागपूरच्या गाइडने ती दोनदा काढायला सांगितली. सरांनी काढली नाही. म्हणाले, "त्या आजीले काय तोंड दाखवू?"

*

अर्जुनीचं इंटरनेट म्हणजे पाहुण्यासारखं, आलं तर आलं. म्हणून ठरलं की डेटा मी कुडव्याच्या घरी उतरवून घ्यायचा आणि सोमवारी पेन ड्राइव्हमधून आणायचा. पर्स लोकलच्या गर्दीत कोणी मारेल म्हणून मी पेन ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून जेवणाच्या डब्यात ठेवायची. डबा कोणी मारत नाही.

एका सोमवारी लोणच्याचं झाकण सैल राहिलं. गोंदियापासून अर्जुनीपर्यंत गाडीने जे हलवलं, ते हलवलं! डबा उघडला तर पेन ड्राइव्ह तेलात न्हाऊन, मोहरीची डाळ लावून बसलेला.

उईके भाऊंनी तो कापसाने पुसला, तांदळात पुरला, दोन दिवसांनी काढला. चालू झाला. पण त्या दोन दिवसांत सर माझ्याकडे असे बघत होते, की बोलायची सोय नाही. रागावणं त्यांना जमत नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मॅडम, किती कोटी वर्षांचा प्रवास करून आले ते किरण. मधात कुठं काही झालं नाही. शेवटच्या दीड तासात तुम्ही त्यांना लोणच्यात घातलं!"

*

तपासणी समिती यायची होती. बिसेन सरांचा बीपी वाढला. हुकूम सुटला, "कापगते, तुमच्या त्या दुर्बिणीची उद्दिष्टं चार्टवर लिहून भिंतीला लावा. रकाने पाडून!"

सरांनी सुंदर अक्षरात चार्ट लिहिला. एक, दीर्घिकांच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवरांतून सुटणारे झोत समजून घेणे. दोन, मेलेले तारे भिंगरीसारखे फिरताना उजेड कसा फेकतात ते पाहणे. तीन, तारा कोसळताना किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळताना होणारे गॅमा किरणांचे स्फोट पकडणे. चार, विश्वकिरण कुठं जन्मतात ते शोधणे. पाच, डार्क मॅटर.

बिसेन सरांनी चष्मा पुसला. "आणि साध्य झालं की नाही, हा रकाना?"

"पहिल्या चारांत पुष्कळ कळलं जी. पाचवं नाही."

"नाही? भिंतीवर 'नाही' लिहिता? वरून विचारलं तर?" बिसेन सरांनी स्वतः स्केचपेन घेतला आणि डार्क मॅटरच्या पुढे लिहिलं, 'प्रगतिपथावर'.

समिती आली. समितीतल्या एक वयस्कर बाई त्या चार्टसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग कौतुकाने म्हणाल्या, "विश्वातला न दिसणारा पदार्थ शोधताय. वा! कधीपर्यंत होईल असं वाटतं?"

सर काही बोलणार, तेवढ्यात बिसेन सर ताठ उभे राहून म्हणाले, "मार्च एंडपर्यंत, मॅडम!"

*

त्या चार्टमध्ये नसलेलं एक काम ही दुर्बीण जाता जाता करते. तिच्यावरचं एक यंत्र तारे फुटल्याचे स्फोट पकडायला ठेवलेलं, पण त्याला खालून, आपल्याच पृथ्वीवरूनही गॅमा किरणांच्या चमका दिसल्या. कुठून? तर वीज कडाडणाऱ्या ढगांतून!

हे सर बी.एस्सी. फायनलला रंगात येऊन सांगत होते. बाहेर श्रावणातलं आभाळ भरून आलेलं. सर म्हणाले, "म्हणजे बघा, जी गोष्ट आपण अब्जावधी कोसांवर शोधतो, तिची झलक इथं आपल्या डोक्यावर..."

आणि धाडकन कॉलेजमागच्या आंब्यावर वीज पडली!

कोणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण डिपार्टमेंटचा राउटर, दोन कॉम्प्युटर आणि पंख्याचा रेग्युलेटर गेला. जळका वास सुटला. पाच मिनिटांनी उईके भाऊ काळा झालेला राउटर चिमट्यात धरून भरल्या वर्गात आले. "सर, हे बी उद्दिष्ट चार्टात टाका. साध्य झालं!"

मुलं हसून हसून बाकांवर पडली. सरांचा चेहरा मात्र पांढरा. गेलेल्या दोन कॉम्प्युटरांपैकी एकात थीसिस होता, आणि प्रत होती ती दुसऱ्यात. मी डब्याच्या पिशवीतून लोणच्याचा वास येणारा पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. मागच्या आठवड्यापर्यंतचं सगळं मी त्यात उतरवून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या लोणच्याबद्दल या खोलीत कोणी चकार शब्द काढलेला नाही.

*

दिवाळीनंतर सरांच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा असते, तेव्हा आम्हा सगळ्यांना दरवर्षी जेवायला बोलावणं असतं. सर कोहळी घरातले. तलाव बांधणाऱ्यांचं घर. त्यांचे वडील, आम्ही त्यांना बाबाजी म्हणतो, गावच्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे कोणाच्या बांधीत, धानाच्या शेतात, कधी आणि किती पाणी सोडायचं ते ठरवणारे. ऐंशी ओलांडली, पण पाठ सरळ.

जेवणं झाल्यावर बाबाजींनी आमच्यासमोरच पोराला गाठलं. "बाबू, इतके साल झाले. तू करून काय राहिलास, ते मले एक डाव नीट सांग."

सर मांडी घालून बसले. म्हणाले, "बाबा, जगात बराच माल असा हाये, का दिसत नाई. त्याची ओढ जानवते, पन उजेड नाई. तो एकमेकावर आपटून मरत असन, त त्यातून गॅमा किरन निघाले पायजे. म्हनून आभाळातल्या काही अंधाऱ्या जागा मी निवडल्या. तिथून आलेला एकेक किरन मोजतो. मंग वळखीचे वजा करतो. हा कृष्णविवराचा, हा मेलेल्या ताऱ्याचा, हा मधातल्या धुळीचा. सारं वजा करून काही उरलं, त ते."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गेलं. एम.एस्सी.च्या पोरांच्या जातं.

बाबाजी म्हणाले, "म्हनजे पाळ चालनं."

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आणि सांगायला लागले. "एक साल तलावाचं पानी टिकेच ना. दिवारीले डबडब, संक्रांतीले बुड दिसे. साऱ्या गावानं म्हतलं, पाळ झिरपते, खोदा. म्या म्हतलं, थांबा, आधी चालतो. पाळीच्या बाहेरच्या अंगानं पायथ्याशी चालाचं. दर दोन हातावर माती हाती घ्याची. वली का सुकी? सुकी असन त तिथं पळसाची डहाळी खोचाची. म्हनजे इथं पाह्यलं, इथं नाई. मंग फुडं. आठ दिवस चाललो."

मी न राहवून विचारलं, "मग सापडलं?"

"पाळीत नाई सापडलं."

"मग आठ दिवस वायाच ना, बाबाजी!"

त्यांनी माझ्याकडे, मी नापास पोराकडे पाहते ना, तसं पाहिलं. "वाया कायले, मास्तरीनबाई? साऱ्या पाळीवर डहाळ्याच डहाळ्या! खोदाची वाचली ना पाळ. मंग रायला फक्त पानी सोडाचा दरवाजा. तिथंच निंगालं." मग म्हणाले, "पन एक जागा न पाह्यता डहाळी खोचली असती, त मी खोटा. मंग साऱ्या डहाळ्या खोट्या."

परतताना जीपमध्ये सगळे सुस्तावलेले. उईके भाऊ पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "सर, तुमी गाइड नागपूरले कायले केला? घरी होता ना!"

*

आता तो पेढ्यांचा किस्सा. हा सांगू नको असं सरांनी मला दोनदा बजावलंय. पण त्यांना माहीत आहे मी सांगणार ते.

शेवटच्या मुदतीला आठ-नऊ महिने उरलेले. डार्क मॅटर कुठंही सापडत नव्हतं. एकेक अंधारी जागा बघून व्हायची आणि सर वहीत लिहायचे, 'नाही'. आणि अचानक एका जागेच्या कडेला काहीतरी भडकलं! एक दिवस चमकलं, विझलं. सत्तावीस दिवसांनी पुन्हा. पुन्हा सत्तावीस दिवसांनी पुन्हा! कुठल्याच यादीत तिथं काही नव्हतं.

डार्क मॅटर असं उघडझाप करत नाही, हे सरांना माहीत होतं. म्हणजे हे दुसरंच काहीतरी. नवं. कोणी न पाहिलेलं, आणि पाहिलं कोणी? अर्जुनी मोरगावने!

सरांची चालच बदलली. ते जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेला लाल स्केचपेनने ठिपका काढायचे. सहा ठिपके झाले. बिसेन सरांनी वार्ताहराला येत्या सोमवारी यायला सांगितलं. उईके भाऊंनी शुक्रवारीच दोन किलो पेढे आणून कपाटात ठेवले. आणि मी, मी काय सांगू, त्या रात्री घरी नवऱ्याला म्हटलं, "आमच्या सरांचं सोनं झालं रे!" आणि मला रडूच आलं.

शनिवारी बिसेन सर कॅलेंडरसमोर उभे. त्यांना नवी गाडी घ्यायची होती, आणि ती गुरुपुष्यालाच. हो, फिजिक्सचे विभागप्रमुख! त्यावर मी आधीच भांडून झाले होते. ते बोटाने एकेक महिना चाळत होते, आणि एकदम चिडले. "हे काय! ज्या-ज्या दिवशी पुष्य, त्या-त्या दिवशी आधीच ठिपका? कापगते, तुम्हीपण गाडी घेऊन राहिले का?"

"नाही जी," सर हसत म्हणाले, "ते तर माझ्या नव्या..."

आणि थांबले.

उठून कॅलेंडरपाशी गेले. पहिल्या ठिपक्याखाली बारीक अक्षरात, पुष्य. दुसऱ्याखाली, पुष्य. तिसऱ्याखाली पुनर्वसू, काठावरचं. चौथ्याखाली पुन्हा पुष्य. आता पंचांगातलं पुष्य म्हणजे काय? त्या दिवशी चंद्र पुष्य नक्षत्रात असतो, एवढंच. आणि चंद्र सत्तावीस दिवसांनी त्याच नक्षत्रात परत येतो, हे आमच्या प्रत्येकाच्या आईला माहीत आहे!

चंद्रावर विश्वकिरणांचा मारा होत असतो आणि त्यामुळे चंद्र गॅमा किरणांत चांगला चमकतो. हे सर स्वतः दरवर्षी शिकवतात. म्हणून असल्या कामात सूर्य आणि चंद्र वाटेत आले, की तेवढा वेळ वगळायचा असतो. सरांनी सूर्य वगळला होता. चंद्र राहून गेला होता.

आम्ही तिघं फिजिक्सवाले, तिघांच्या मिळून सत्तर वर्षांच्या नोकऱ्या, आणि आम्हाला चंद्र ओळखू आला नाही!

बिसेन सर हळूच म्हणाले, "मग... गुरुवारी गाडी घेऊ ना?"

घेतली. आणि पेढे वाया जाऊ नयेत म्हणून उईके भाऊंनी ते गाडीचे म्हणून वाटले.

*

पुढचं फार हसण्यासारखं नाही, पण सांगते.

सरांनी सगळं परत केलं. एकेक जागा, चंद्र वगळून, पहिल्यापासून. तीन महिने त्यांच्या डोळ्यांखाली काळं. थीसिस शेवटच्या तारखेला, ऑफिस बंद व्हायच्या अर्धा तास आधी जमा झाला. शेवटचं वाक्य होतं, 'शोधलेल्या कोणत्याही जागी खूण आढळली नाही.' नवा शोध गेला होता, जुना लागला नव्हता. आता सगळं तोंडी परीक्षेवर. तिथं परीक्षकाने नापसंत केलं, तर मुदत संपलेली, पुढे काही नाही.

तयारी म्हणून आम्ही डिपार्टमेंटमध्ये खोटी परीक्षा घ्यायचं ठरवलं. परीक्षक मी. आणि मला काय झालं देव जाणे, मी खुर्चीत रेलून, चष्मा नाकावर ओढून, अगदी परीक्षकी आवाजात विचारलं, "इतकी वर्षं शोधलं. नाही सापडलं. मग केलं काय?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. "माझी बस निघेल मॅडम," म्हणाले आणि पिशवी घेऊन निघून गेले. साडेतीन वाजले होते. त्यांची बस पाचची.

उईके भाऊंनी बिसेन सरांचा चहा टेबलावर ठेवला. माझा लांब खिडकीत ठेवला. "मॅडम, तुमी परीक्षक लय पक्क्या हायेत," एवढं म्हणून बाहेर गेले. माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी फोन केला. माफी मागितली. सर म्हणाले, "नाही जी, तुम्ही बरोबरच विचारलं. तो प्रश्न येणारच. माझ्यापाशी उत्तर नाही."

*

परीक्षा गोंदियाला होती, तिथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये. खुली होती, कोणीही येऊन बसू शकत होतं. आम्ही तिघं दुसऱ्या रांगेत. बिसेन सर नव्या गाडीतून आले होते, आणि गाडीतून त्यांच्याबरोबर बाबाजी उतरले. धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. ते सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

परीक्षक बाहेरगावचे, मोठ्या संस्थेतले, केस पांढरे, हसणं नाहीच. सरांनी तासभर इंग्रजीत मांडणी केली. चंद्राची चूकही स्वतःहून सांगितली, आलेखासकट. मला वाटलं, कशाला सांगता हो! परीक्षकांनी बारीक बारीक प्रश्न विचारले, सरांनी उत्तरं दिली. मग परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "कापगते, तुमचं शेवटचं वाक्य आहे, आढळलं नाही. मग इतकी वर्षं केलं काय?"

अगदी माझाच प्रश्न!

सर उभे. टेबलाची कड धरलेली. उईके भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. परीक्षा चालवणाऱ्या अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, "प्रेक्षकांतून कोणाला काही विचारायचं आहे?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब, मी पुसू का त्याले?"

अध्यक्ष गोंधळले. परीक्षकांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "विचारा ना."

बाबाजी उभे राहिले. पाठ सरळ. "बाबू, सारी पाळ चाललास का?"

सरांनी मान वर केली. "चाललो, बाबा."

"मधात कुठं सोडली त नाई?"

"एका जागी सोडली होती. चंद्र रायला होता. मंग परत पयल्यापासून चाललो."

"मंग?"

"नाई, बाबा. इथं नाई."

बाबाजींनी मान हलवली. काखेतली पिशवी उघडली. मधल्या वाटेने हळूहळू पुढे आले, कोणाकडे न पाहता टेबलापाशी गेले, आणि पळसाची एक हिरवी डहाळी थीसिसवर ठेवली. मग परत जाऊन आपल्या जागेवर बसले.

परीक्षक त्या डहाळीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली, पसंतीच्या सहीचं पान काढलं, सही केली, थीसिस बंद केला आणि डहाळी होती तशी, होती त्याच जागी, परत ठेवली.